खानेसुमारी आणि शिरगणती : मुंबईच्या लोकसंख्येची दीडशे वर्षे

गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी, १८६४ मध्ये, मुंबई शहराची पहिली रीतसर शिरगणती झाली. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही; परंतु दोहोंमागची जिज्ञासा एकाच जातीची होती. एवढी माणसे या बेटावर आली कोठून, ती करतात काय आणि राहतात कशी, हा प्रश्न त्या काळी मराठी ग्रंथकारालाही पडला होता आणि इंग्रज अधिकाऱ्यालाही. माडगांवकरांनी बाजार, रस्ते, देवळे, धंदे आणि नाना जातिजमाती यांची वर्णने करून त्याचे उत्तर दिले. शिरगणतीने ते एका आकड्यात दिले. तो आकडा होता ८,१६,५६२.

आपल्या भाषेत या क्रियेला तीन शब्द आहेत. ‘जनगणना’ हा अलीकडचा, शासकीय वळणाचा शब्द. त्याआधीचे दोन अधिक बोलके आहेत. ‘खानेसुमारी’ म्हणजे घरांची मोजदाद आणि ‘शिरगणती’ म्हणजे डोक्यांची. खेड्यात घर मोजले की माणसे आपोआप मोजली जातात, म्हणून हे दोन शब्द तेथे एकमेकांच्या जागी सहज वापरता येतात. मुंबईत तसे करता येत नाही. येथे घर आणि डोके यांची फारकत पहिल्यापासूनच झालेली आहे : घर एका गावी, डोके दुसऱ्या गावी. मुंबईच्या लोकसंख्येचा इतिहास हा पुष्कळ अंशी या फारकतीचा इतिहास आहे, असे मला वाटते. नुसत्या वाढत्या आकड्यांकडे पाहून त्याचे मर्म हाती लागत नाही.

इंग्रजांच्या हाती बेट आले तेव्हा, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, येथे दहा हजारांच्या आसपास वस्ती असावी असा अंदाज नेहमी दिला जातो. १७८० च्या मोजणीत ती १,१३,७२६ भरली, १८४९ मध्ये साडेपाच लाखांच्या वर गेली. या सुरुवातीच्या मोजण्यांवर फार भार टाकू नये. त्यांच्या पद्धती भिन्न होत्या आणि बेटाची हद्द कोठवर धरायची याबद्दलही एकवाक्यता नव्हती. पण १८६४ च्या आकड्यासंबंधी मात्र थांबून विचार करायला हवा, कारण १८७२ साली अखिल भारतीय जनगणनेच्या पहिल्या फेरीत मुंबईची वस्ती मोजली गेली तेव्हा ती ६,४४,४०५ एवढीच निघाली. आठ वर्षांत पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे कमी! त्या आठ वर्षांत शहरावर कोणी आक्रमण केले नव्हते. झाले होते ते एवढेच, की अमेरिकेतील यादवी युद्ध (१८६१–६५) संपले होते. त्या युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानी कापसाचे भाव गगनाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समभागांचा सट्टा सुरू झाला आणि या सगळ्याला लागणारे हात घाटावरून व कोकणातून बेटावर उतरले. १८६५ मध्ये फुगा फुटला आणि हात परत गेले. १८६४ ची शिरगणती ही त्या फुग्याच्या ऐन भरातली होती. मुंबईची वस्ती कामाबरोबर वाढते आणि कामाबरोबर ओसरते, हा धडा पहिल्याच मोजणीने दिला होता. आपण तो पुढे सोयीस्करपणे विसरलो, हा भाग निराळा.

कापसाच्या व्यापाराची जागा पुढे कापडाच्या उत्पादनाने घेतली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली होती; शतकाच्या शेवटच्या पाव भागात परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली. १९२० च्या दशकात या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते. हे कामगार आणणारा मोठा जिल्हा रत्नागिरी. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा, आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग त्यातच होता.) १९२१ च्या जनगणनेत मुंबईत मोजलेल्या पावणेबारा लाख माणसांपैकी दोन लाखांहून अधिक माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. सातारा, पुणे, गुजरात, काठेवाड, गोवा, संयुक्त प्रांत हे त्यानंतरचे पुरवठादार. शहरातच जन्मलेल्यांचे प्रमाण किती होते? शंभरात सोळा. शंभरातल्या चौऱ्याऐंशी लोकांनी जेथे डोळे उघडले नाहीत त्या जागेला आपण शहर म्हणत होतो. तिला छावणी म्हटले असते तरी चालले असते.

छावणी हा शब्द येथे अलंकार म्हणून वापरलेला नाही. त्याच १९२१ च्या गणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. दोन पुरुषांमागे एक स्त्री. उरलेल्या स्त्रिया कोठे होत्या हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. कोकणातल्या कोणत्याही गावातला पोस्टमन ते सांगू शकला असता. त्या गावी होत्या, भात लावीत होत्या, सासूसासरे सांभाळीत होत्या आणि मनिऑर्डरची वाट पाहत होत्या. ‘चाकरमानी’ हा शब्द याच व्यवस्थेने मराठीला दिला. हा शब्द मुंबईचा नाही, गावाचा आहे. गावाने आपल्या बाहेर राहणाऱ्या माणसाला दिलेले ते नाव आहे. त्यात कौतुक आहे, अपेक्षा आहे आणि परत येण्याचे गृहीतही आहे. शिमग्याला आणि गणपतीला तो येणारच. आता मौज अशी, की त्या काळच्या शिरगणत्या बहुधा फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे फाल्गुनाच्या आगेमागे होत. शिमग्याच्या तोंडावर जी रात्र मोजणीसाठी निवडली गेली, त्या रात्री किती चाकरमानी बोटीत होते याचा हिशेब जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता.

ही माणसे राहत कशी हे गिरणगावाच्या आठवणींतून पुष्कळ नोंदले गेले आहे. एका गावचे वीस-पंचवीस पुरुष मिळून एक खोली भाड्याने घेत, पाळी वेगवेगळी असल्याने एकाच जागेवर दिवसा एक आणि रात्री दुसरा झोपे, ट्रंका भिंतीला लागलेल्या, जेवण खाणावळवालीकडे. खोलीचे भाडे, आजारपण, अंत्यविधी यांसाठी गावकीचे मंडळ. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी आणि आचाऱ्यांनी याच गरजेतून आपले ‘कूड’ उभे केले. धोबी तलावाच्या परिसरात गावागावांच्या नावाने चालणारी ही निवासस्थाने दीर्घकाळ टिकून राहिली. गाव सोडून आलेल्या माणसाने शहरात पहिले काम कोणते केले असेल, तर गाव पुन्हा उभे करण्याचे. नागरीकरणाच्या पाठ्यपुस्तकांत शहर माणसाची मुळे तोडते असे सांगितलेले असते. मुंबईने ती तोडली नाहीत, ताणली.

खाणावळ चालवणाऱ्या बाईविषयी मात्र आपले इतिहासलेखन विलक्षण कंजूष राहिले आहे. आठ-दहा माणसांचे रोजचे दोन वेळचे अन्न शिजवणारी, महिनाअखेरपर्यंत उधारी सोसणारी, संपाच्या काळात कर्ज काढूनही ताटे वाढणारी ही बाई ‘कामगार’ या सदरात कधी धरली गेली नाही. तिच्या श्रमाशिवाय दीड लाख गिरणी कामगार एक आठवडाही उभे राहू शकले नसते. मामा वरेरकरांनी १९३३ मध्ये ‘धावता धोटा’ लिहून गिरणी कामगाराला मराठी कादंबरीत आणले ही गोष्ट मोठी खरीच. पण खाणावळवालीला साहित्याच्या मुख्य दालनात जागा मिळायला त्यानंतरही बराच काळ जावा लागला.

आकड्यांचे आणखी एक उदाहरण द्यायला हवे. १९२१ साली मुंबईतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे सहाशेच्याही वर नोंदले गेले. तीनांपैकी दोन मुले वर्षाच्या आत दगावत होती असा त्याचा सरळ अर्थ होतो आणि तो भयंकर आहे. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण याहूनही जास्त होते. परंतु हा आकडा जसाच्या तसा घेता येत नाही. पुष्कळ बायका बाळंतपणाला माहेरी, गावी जात. जन्माची नोंद तिकडे होई किंवा होतच नसे. मूल घेऊन त्या परत येत आणि ते मूल चाळीच्या कोंदट अंधारात दगावले की मृत्यूची नोंद मात्र मुंबईत होई. शिवाय शहरातले सगळे जन्मही नोंदले जात नसत. भागाकारातला वरचा आकडा शहराचा, खालचा अर्धामुर्धा. म्हणून प्रमाण फुगले. पण फुगवटा वजा केला तरी जे उरते ते पुरेसे काळे आहे आणि ते चाळींच्या बांधणीचे, पाण्याचे आणि भाड्याच्या नफ्याचे फळ होते.

यापूर्वी १८९६ मध्ये मांडवीत प्लेग दिसला होता. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी त्याचे निदान केले आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. पुढल्या वर्षाच्या आरंभापर्यंत जवळजवळ निम्मी वस्ती निघून गेली असा तत्कालीन अंदाज आहे. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. प्लेगच्या हंगामात घेतलेली ही गणना नगरपालिकेला पटली नाही. १९०६ मध्ये शहराची स्वतंत्र मोजणी झाली तेव्हा आकडा ९,७७,८२२ निघाला. पाच वर्षांत दोन लाख माणसे जन्मली नव्हती. गेलेली परतली होती, आणि त्यांच्याबरोबर आणखी आली होती. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मधल्या काळात रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहतींची आखणी केली. पाडलेल्या घरांतली माणसे मात्र नव्या वसाहतींत गेली नाहीत; ती शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. सुधारणा एका जागी आणि गर्दी शेजारी, हे सूत्र तेव्हापासून मुंबईला चिकटले आहे.

१९३१ मध्ये पुन्हा एकदा लोकसंख्या किंचित घटली. मंदीचे ते दिवस होते. त्यानंतर मात्र मुंबई कधी मागे आली नाही. दुसऱ्या महायुद्धाने कारखान्यांना आणि गोदीला अहोरात्र काम दिले. १९४७ च्या फाळणीने सिंध आणि पंजाबातून निर्वासित आणले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांतले पुष्कळ राहिले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. हे सिंधी निर्वासित चाकरमानी नव्हते. त्यांना परत जायला गाव नव्हता. मुंबईच्या परिसरात एवढ्या मोठ्या संख्येने एकदम, बायकामुलांसह, पाठीमागचे दार बंद करून आलेला हा पहिलाच समाज असावा.

१९४१ ते १९५१ या दशकात आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीतली वस्ती अठरा लाखांवरून २९,९४,४४४ वर गेली. ‘आजच्या हद्दीतली’ हे शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करावेत. १९५० मध्ये शहराची सीमा जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. जुन्या बेटाचे आकडे आणि बृहन्मुंबईचे आकडे एकाच तक्त्यात खालीवर मांडून वाढीचा वेग काढणारे लेख अजूनही वाचायला मिळतात. त्यांत वाढ माणसांची किती आणि सीमारेषेची किती हे कळायला मार्ग नसतो. १९६१ मध्ये ४१,५२,०५६, १९७१ मध्ये ५९,७०,५७५ आणि १९८१ मध्ये ८२,४३,४०५ ही मालिका मात्र एकाच हद्दीची आहे आणि ती खरोखरच धडकी भरवणारी होती. दर दशकात चाळीस टक्क्यांच्या आगेमागे वाढ.

नेमक्या याच काळात मराठी साहित्याने गर्दीच्या आतून बोलायला सुरुवात केली, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ चा. जयवंत दळवींचे ‘चक्र’ आणि बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ १९६३ ची. भाऊ पाध्ये यांचे ‘वासूनाका’ १९६५ चे. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. या पुस्तकांना एका माळेत ओवणे समीक्षेच्या दृष्टीने धोक्याचे आहे, कारण त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. पण एवढे म्हणता येईल, की माडगांवकरांनी जी वस्ती बाहेरून न्याहाळली, तिच्यातूनच हे लेखक आले किंवा तिच्या अगदी लगत उभे राहिले. शासनाची भाषा मात्र त्याच वेळी उलट्या दिशेने गेली. ‘लोंढे’ हा शब्द पाहा. पुराच्या पाण्याला लावायचा हा शब्द माणसांना लागला आणि वृत्तपत्रांतून, विधिमंडळातून, व्यासपीठांवरून तो इतका रुळला की त्यातली हिंसा कोणाला जाणवेना. पाण्याला चेहरा नसतो, गाव नसते, कारण नसते. ज्या कोकण्याच्या आज्याला ‘चाकरमानी’ म्हटले गेले, त्याच्या नातवाने उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसाला ‘लोंढा’ म्हणावे, हा भाषेतला बदल लोकसंख्येच्या तक्त्यात दिसत नाही. दोघेही एकाच कारणाने आले होते : घरची जमीन पुरेना आणि येथे हाताला काम होते.

नियोजनकारांनी या वाढीला वळण देण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. १९४८ ची मोडक-मेयर योजना, १९५० च्या दशकाअखेरची बर्वे समिती, १९६० च्या दशकातली गाडगीळ समिती यांनी खाडीपलीकडे वस्ती नेण्याचा विचार मांडला. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून जुळ्या शहराचा आराखडा पुढे ठेवला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. १९७३ मध्ये ठाणे खाडीवरचा पूल खुला झाला. आणि त्याच सुमारास राज्यकर्त्यांनी दक्षिणेकडे नरिमन पॉइंटला समुद्र भरून कचेऱ्यांचे मनोरे उठवले. एका हाताने माणसांना पूर्वेला बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांची कामे दक्षिणेला न्यायची, हा प्रकार म्हणजे नियोजनाचे विडंबन होते. वाशीपर्यंत उपनगरी रेल्वे पोहोचायला १९९२ उजाडले.

योजनेने घर दिले नाही तेव्हा लोकांनी ते स्वतः बांधले. जानेवारी १९७६ मध्ये शासनाने शहरातल्या झोपडपट्ट्यांची गणती केली. अठ्ठावीस लाखांच्या आसपास माणसे त्यांत निघाली आणि त्यांना ओळखपत्रे, म्हणजे ‘फोटोपास’, देण्यात आले. शिरगणतीच्या इतिहासात हे एक मोठे वळण आहे. आतापर्यंत मोजले जाण्याने सामान्य माणसाचे काही बरेवाईट होत नव्हते. आता मोजलेला माणूस राहू शकत होता आणि न मोजलेला उठवला जाऊ शकत होता. पुढे पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखा आल्या. त्या तारखेपूर्वीचा एखादा जुना कागद (मतदारयादीतले नाव, शिधापत्रिका) हा कुटुंबाचा सर्वांत मौल्यवान ऐवज झाला. पत्र्याच्या छताखाली प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले ते कागद म्हणजे आपल्या काळातली खरी बखर आहे. २००१ च्या जनगणनेत झोपडपट्ट्यांची स्वतंत्र नोंद झाली तेव्हा बृहन्मुंबईतली निम्म्याहून अधिक माणसे, ६४ लाखांच्या वर, तेथे राहत होती.

तोवर वाढीचा वेग मंदावला होता. १९८१ ते १९९१ मध्ये तो वीस टक्क्यांवर आला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर गिरण्यांचे एकामागून एक थंड पडलेले भोंगे हे त्याचे एक कारण. परंतु सगळा भार त्यावर टाकता येणार नाही. शहरात आता कुटुंबे होती, मुले येथेच जन्मत होती, बाहेरून येणाऱ्यांपेक्षा येथल्या जन्मांनी होणारी वाढ जास्त झाली होती आणि जन्मदरही उतरू लागला होता. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातले कुटुंब या नव्या पिढीचे आहे. त्याला परतायला गाव उरलेला नाही आणि शहरातले काम संपलेले आहे. १८६५ मध्ये फुगा फुटला तेव्हा हात परत गेले होते. १९८२ नंतर सगळ्यांना जायला जागाच नव्हती.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १,२४,४२,३७३ वर पोहोचली. दशकातली वाढ चार टक्क्यांहूनही कमी. मूळ बेटाची, म्हणजे मुंबई शहर जिल्ह्याची, लोकसंख्या तर ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर उतरली. या घटीचे काहींनी स्वागत केले. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि व्यापारी संकुले उठत असताना चाळीतले बिऱ्हाड खोली विकून डोंबिवली, विरार, बदलापूरला गेले, हे त्या घटीच्या पोटात आहे. त्याच दशकात ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १,१०,६०,१४८ वर, छत्तीस टक्क्यांनी, वाढला आणि देशातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. एकट्या वसई-विरारने बारा लाखांचा आकडा ओलांडला, कल्याण-डोंबिवलीनेही. मुंबई महानगर प्रदेश सव्वादोन कोटींच्या पुढे गेला. पहाटेच्या लोकलने उतरून रात्रीच्या लोकलने परतणारी लाखो माणसे कोणत्या शहराची म्हणायची? जनगणना त्यांना झोपेच्या जागी मोजते. शंभर वर्षांपूर्वीचा चाकरमानी वर्षातून दोनदा घरी जाई, हा रोज जातो.

आणखी एक जुळणी नोंदवण्याजोगी आहे. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या घटली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. ज्या बेटाने माणसे घेतली आणि ज्या जिल्ह्याने (त्याचे आता दोन झाले होते) ती दिली, ते दोघे एकाच दशकात ओसरले. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे तेव्हाही अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. मुंबई शहरात ८३२. १९२१ चा व्यस्त हिशेब बराच निवळला, पण पुसला गेला नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. महासाथीमुळे ती पुढे ढकलली गेली आणि १८७२ पासून दशकादशकाने चालत आलेल्या मालिकेत प्रथमच खंड पडला. मधल्या काळात वाढीचे, घटीचे, परतीचे जे काही बोलले गेले ते सारे अंदाजांवर. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीत हजारो माणसे पायी आणि मिळेल त्या वाहनाने मुंबईबाहेर पडली, ती १८९७ च्या प्लेगसारखी नंतर परतली का, किती परतली, कोणत्या उपनगरात परतली, याची मोजदाद कोणाजवळ नाही. २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेची संदर्भतिथी १ मार्च २०२७ ही आहे. म्हणजे पुन्हा फाल्गुनाच्या आसपास. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा निघालेला पालघर जिल्हा त्या वेळी स्वतंत्रपणे प्रथमच मोजला जाईल.